तेरा प्रती

“काकू, इकडे या हो जरा,” योम मिस्त्रींनी आतल्या खोलीतून हाक मारली. “असली भिंत तीस वर्षांत पाहिली नाही मी.”

ओकबुन निवडती भाजी तशीच ठेवून उठली. सणाला मुलगा-सून यायचे होते, म्हणून सासऱ्यांची जुनी कामाची खोली तिने नव्या कागदाने मढवायला काढली होती. मिस्त्रींनी वरचा गुलाबी कागद ओला करून सोलला होता. खाली वर्तमानपत्रं होती. त्यात नवल नव्हतं. वरचा कागद नीट बसावा म्हणून खाली रद्दी चिकटवायची रीतच होती.

“पण रद्दी म्हणजे दहा दिवसांची दहा पानं,” मिस्त्री म्हणाले. “इथे सगळा एकाच दिवसाचा पेपर. मोजल्या मी प्रती. तेरा!”

ओकबुनने गुडघे टेकून तारीख वाचली. ती तारीख तिला पाठ होती.

तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. बाजाराला जाते असं सांगून क्वांगजू शहरात गेली आणि गाण्याच्या स्पर्धेत पहिली आली. पेपरवाल्याने तिचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने गावाचे पेपर आले. सासरे थांब्यावर गेले, अख्खा गठ्ठा काखोटीला मारून परतले आणि खोलीचं दार लावून घेतलं. जेवणाचे बुटके चौरंग बनवणारा तिरसट माणूस. विचारायची कुणाची छाती? त्या खोलीत सुनेने पाऊल टाकायचं नाही, ताट उंबऱ्यावर ठेवायचं. सुनेचे प्रताप गावाला कळू नयेत म्हणून म्हाताऱ्याने पेपर चुलीत घातले, असं ओकबुन धरून चालली. पुन्हा ती चारचौघांत कधी गायली नाही. दोन वर्षांनी सासरे गेले. ती बाळंतपणाला माहेरी होती, तेव्हाच नवऱ्याने मजूर लावून तो गुलाबी कागद चिकटवून घेतला होता.

“बाकीच्या भिंतींवर पानं उलटीपालटी आहेत,” मिस्त्री म्हणाले. “लावणाऱ्याला वाचता येत नसावं.”

“अक्षरशत्रू होते.”

“मग ही एवढीच भिंत सरळ कशी?”

ओकबुन गुडघ्यांवर सरकत पुढे गेली. सासरे जिथे बसून लाकूड तासायचे, त्याच्या बरोबर समोरची भिंत. तेरा वेळा तीच चोवीस वर्षांची ओकबुन, तोंड उघडून गात होती. तेराही वेळा डोकं वर, पाय खाली. प्रत्येक पानाच्या कडा खळ लावून नीट दाबलेल्या.

ती आधी हसली. मग तिने मनगटाने डोळे पुसले.

“हावरट म्हातारा! लपवलं नाही हो मिस्त्री, एकट्यानेच ठेवून घेतलं सगळं!”

तिने दोकसुनला फोन लावला. शनिवारच्या म्हाताऱ्यांच्या गाण्याच्या कार्यक्रमासाठी ही मैत्रीण तीनदा दारी येऊन गेली होती.

“माझं नाव घाल गं.”

“अगबाई! इतकी वर्षं नाही-नाही म्हणत होतीस. आज कोण हो म्हणालं?”

“आमचे मामंजी,” ओकबुन म्हणाली.