ढलपी

ताउनो झाडाखाली चिरडून गेला, त्याला तीन आठवडे झाले तेव्हा त्याच्या बायकोने, इर्माने, मला सॉनाच्या भट्टीसाठी सरपण कापायला बोलावलं. माझा चेनसॉ त्या दिवसापासून मी हातात धरला नव्हता, म्हणून तिने ताउनोचाच पुढे केला. पहिल्याच ओंडक्यात त्या चेनसॉने नेहमीसारखी डावीकडे ओढ घेतली.

"तीस वर्षं सांगत होतो वहिनी, दोन्हीकडच्या दातांना सारखी कानस मार म्हणून. ऐकेल तर शपथ. जन्मात एक काप सरळ पडला नाही बाबाचा."

इर्मा इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. तिने माझा कॉफीचा कप अंगणातल्या बसक्या ओंडक्यावर ठेवला आणि घसरू नये म्हणून खाली एक ढलपी सरकवली. तो ओंडकाही ताउनोनेच कापलेला.

"पण दुसऱ्याच्या चेनसॉला कधी हात लावला नाही त्यांनी."

"छे. म्हणायचा, हात बिघडतो."

"आणि त्या दिवशी तुम्ही लांब होतात ना, भाऊजी?"

"ट्रॅक्टरपाशी. पोलिसांनाही तेच सांगितलं. झाड त्याचं त्यानेच कापलं, मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं."

तिने मान हलवली. माझ्या कपात आणखी कॉफी ओतली.

"काल मी रानात जाऊन आले. त्या झाडाचा बुंधा आहे ना उरलेला, त्याच्यावर कप ठेवून बसले होते बराच वेळ," ती म्हणाली. "ढलपी लागली नाही."