देवमाशासाठी तळघर

तळघराच्या तोंडावरची फळी सरकवून मासाक शिडीवरून पाठमोरी खाली उतरली. सत्तरी कधीच उलटली होती, गुडघे कुरकुरत होते. पण शिकारीआधीचं तळघर आजवर तिच्याशिवाय झाडलं गेलं नव्हतं. सून पुयुक आधीच खाली होती, गोठलेली जमीन खरवडत.

मार्च लागला होता. महिनाभरानं समुद्रावरच्या बर्फाला फट पडेल आणि तिच्यातून देवमासे उत्तरेला निघतील. तिकडे मासाकचा मुलगा आणि त्याचे सोबती होडीच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणत होते. इथलं काम बायकांचं. मासा मिळाला तर मांसरूपानं राहणार इथंच, आणि कुणाचं तळघर लख्ख आहे हे त्याला दुरूनच कळतं. जुन्या मांसाचा तुकडासुद्धा उरता कामा नये. होतं नव्हतं ते गावात वाटून टाकायचं.

रक्ताळलेला बर्फ बादलीत भरत पुयुक म्हणाली, "तीन हंगाम कोरडे गेले. यंदाही तसंच झालं तर आपली माणसं दुसऱ्याच्या होडीत जाऊन बसतील."

"नाही जायची."

"बायका काय म्हणतात ठाऊक आहे ना? मासा होडीच्या मालकिणीकडे बघून येतो, आणि ह्या पुयुकचं मन कोतं."

"बोलणाऱ्यांची तोंडं कोण धरणार?"

"तुम्ही कधी एका शब्दानं अडवलं नाहीत त्यांना, आई."

पुयुक कोपऱ्याकडे वळली तशी मासाक घाईनं म्हणाली, "तो राहू दे. मी बघते."

तोवर फावडं लागलं होतं. बर्फाची लादी निखळली. मागे सीलच्या कातड्यात गुंडाळलेला, दोन वितींचा मक्ताकचा तुकडा निघाला. वर देवमाशाची काळी कातडी, खाली गुलाबी चरबी.

"आई, हे काय?"

मासाक शिडीच्या खालच्या पायरीवर बसली. "ह्यांचा शेवटचा मासा. हे गेल्यावर सगळं वाटलं गं. एवढं मात्र देववलं नाही."

पुयुकनं फावडं भिंतीला टेकवलं.

"तीन वर्षं मी हे तळघर घासतेय," ती म्हणाली. "माझं काय चुकतंय तेच कळत नव्हतं."

मासाक उठली. "वर ने ते. आणि नासुगाकला हाक मार. सगळ्याजणींना बोलाव."

बायका ताटल्या घेऊन जमल्या. सर्वांत पुढे नासुगाक, गावातली सर्वांत तिखट जीभ. "काय गं मासाक, परवा तर सगळं संपलं म्हणालीस! आता जमिनीतून उगवलं का?"

"संपलं नव्हतं. मी दडवलं होतं." मासाक अर्धगोल सुरीनं पातळ काप करत होती. काप सारखे पडत होते. "तीन वर्षं. हिला पत्ताही नव्हता. कोतं मन माझं होतं. आता काय बोलायचं ते माझ्या तोंडावर बोला."

नासुगाकनं एक काप उचलून तोंडात टाकला, डोळे मिटून चावत राहिली.

"घास आहे ना बाई तोंडात," शेवटी ती म्हणाली. "बोलू कशी?"

पुयुकलाच आधी हसू फुटलं. शेवटचा काप मासाकनं तिच्या हातावर ठेवला. स्वतः सुरीला लागलेली चरबी तेवढी चाटली.

मग दोघी पुन्हा खाली उतरल्या. वरून सोडलेला ताजा बर्फ त्यांनी जमिनीवर पसरला, मागे मागे सरत, आपलं पाऊल कुठं उमटू न देता. शिडीशी येऊन थांबल्या. वरच्या तोंडातून ऊन आत उतरलं होतं. भिंती निळ्या दिसत होत्या, छताला लोंबणारी हिमाची पिसं दोघींच्या श्वासानं हलत होती. एकही डाग नव्हता.

"केवढं मोठं आहे हो हे!" पुयुक म्हणाली. "मला आजवर लहानच वाटायचं."

मासाकनं तिच्या दंडावर हात ठेवला.

"हळू," ती कुजबुजली. "माशाला ऐकू जातं."