मधला रकाना

सुताच्या कांड्या भरायच्या वाइंडिंग खात्यातल्या निम्म्या बायांचं आडनाव 'वडील' निघालं, आणि रामहरीनं कपाळावर हात मारून घेतला.

चूक मशीनची नव्हती. मिलच्या ऑफिसात बसून रामहरीनं जे लिहून पाठवलं होतं, तेच पुण्याच्या कॉम्प्युटरनं इमानदारीत केलं होतं. नावांच्या यादीत जिथं मोकळी जागा दिसेल तिथं ओळ काप. पहिला तुकडा बाईचं नाव, दुसरा नवऱ्याचं, तिसरा आडनाव. गडी माणसांच्या ओळी गपगुमान कापल्या गेल्या. पण बायांच्या ओळी येडू मुकादमानं लिहून आणलेल्या, आणि येडूनं बाया जे बोलल्या ते जसंच्या तसं उतरवलेलं. 'मथुराबाई सिद्धूचे वडील गवळी.' नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही म्हटल्यावर बाईनं दुसरं सांगायचं तरी काय? झालं! मथुराबाईचा नवरा 'सिद्धूचे', आडनाव 'वडील', आणि बिचारे गवळी गेले वाऱ्यावर.

म्हणून आज सगळ्या बाया पुन्हा ऑफिसच्या खिडकीपुढं रांगेत होत्या. रामहरीनं आता मोकळ्या जागेवर कापायचं सोडून स्वल्पविरामावर कापायचं ठरवलं होतं. तो नाव विचारी आणि तिथंच पंचिंग मशीनवर कार्डाला भोकं पाडी. संध्याकाळच्या गाडीनं कार्डं पुण्याला जायची होती. ज्यांचं कार्ड पास होईल त्या बाया बदली कामावरून कायम. बाकीच्यांनी रोज सकाळी भोंग्याआधी फाटकाशी उभं राहायचं आणि आज काम मिळतंय का, म्हणून मुकादमाच्या तोंडाकडं बघायचं.

रांग मजेत चालली होती. एकीच्या नवऱ्याचं नाव तिच्या मागची सांगायची आणि दोघी लाजून खिदळायच्या. मग खिडकीशी दगडाबाई आली.

"नवऱ्याचं नाव?" रामहरीनं मान वर न करता विचारलं.

मागून केराबाईनं तोंड घातलं, "रावजी हाय हिच्या मालकाचं नाव. लिवा."

"तू नगं सांगूस, माजं मी घेते." दगडाबाईनं खिडकीचे गज धरले आणि पार फाटकापातूर ऐकू जाईल असा आवाज काढला, "रावजी! रावजी! रावजी!"

बायांचे पदर तोंडाला गेले. "अगं बया, आयुष्य कमी हुतं त्येचं!" कुणीतरी ओरडलं.

"हू दे की! माजं किती कमी केलं त्यानं, त्ये कुनी इचारलंय व्हय?"

रामहरीची बोटं मशीनवर गेली.

"लिवू नगासा, दादा," ती म्हणाली. "काय कापायचं त्ये तुमाला ठावं असावं म्हनून सांगितलं. पोर रांगत हुतं तवा सांगोल्याला दुसरं घर केलं त्यानं. कापा त्याला. आडनाव ऱ्हाऊ द्या, मेटकरी. त्ये पोराच्या शाळंत घातलंय."

रामहरीच्या शेजारी लेबर ऑफिसर गुरुबसप्पा खुर्चीत बसले होते. ते कंटाळून म्हणाले, "मग बापाचं नाव टाक की."

"बापानं उंबऱ्यावरनंच माघारी धाडली. त्येचं कशाला?"

"कुणाचं तरी पायजेच, बाई. मधला रकाना रिकामा दिसला की मशीन कार्ड बाहेर फेकतंय. मग बस बोंबलत फाटकाशी."

"फेकू द्या. पन माज्या नावाम्होरं त्या मानसाला मी उभा करनार न्हाय. कायम न्हाई केलं तरी चालंल."

चालणार नव्हतं. तिचं तोंड बघूनच कळत होतं की चालणार नव्हतं. तरी गज काही तिनं सोडले नाहीत.

रकाना रिकामा असेल तर कार्ड फेकून दे, हा नियम सरकारचा नव्हता, मिलचा नव्हता, मशीनचा तर नव्हताच. तो रामहरीनं स्वतः मागच्या महिन्यात चहा पिता पिता लिहिला होता. रिकामा रकाना म्हणजे कारकुनाचा आळस, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली आणि लाजेचा राग आला.

त्यानं कार्ड घातलं. खडखड मशीन चालली. दगडाबाई, मग लगोलग दोन स्वल्पविराम, मध्ये काही नाही, मग मेटकरी.

"रामहरी, हे पास कसं होणार?" गुरुबसप्पा खुर्चीत सरळ झाले.

"नियमाचं कार्ड बदलून धाडतो. रिकामं असंल तर रिकामं घ्यायचं."

"कुणाला विचारून?"

"कुनालाच न्हाई." मोडनिंबची, आपल्या गावची बोली त्यानं ऑफिसात आजवर कधी आणली नव्हती. आज ती आपसूक आली. "परोग्राम मी लिवलाय, साहेब. पटत नसंल तर दुसरा मानूस बघा. पन गाडी आज संध्याकाळची हाय."

गुरुबसप्पांनी त्याच्याकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं आणि पानाची चंची सोडली. दगडाबाईचं कार्ड गठ्ठ्यात पडलं. तिनं ते पडताना बघितलं, डोळे पुसले आणि बाजूला झाली.

केराबाई पुढं आली.

"माजा बी रकाना मोकळा सोडा."

"आता तुला काय झालं?" गुरुबसप्पा उसळले. "तुझा नवरा तर इथंच हाय, तिसऱ्या पाळीला!"

"हाय की. लई ग्वाड मानूस हाय," केराबाई म्हणाली. "त्येच्या कार्डावर मदी कुनाचं नाव घातलंय?"

"त्याच्या वडलांचं," रामहरी म्हणाला.

"माजं न्हाई?"

"न्हाई."

"मग माज्यावर त्येचं कशाला?"

गुरुबसप्पांचा चुना लावायचा हात तसाच राहिला. मघाशी नावं देऊन फाटकाकडं निघालेल्या बाया थांबल्या. मग एकेक करून माघारी आल्या आणि रांगेच्या शेवटाला उभ्या राहिल्या.