शुक्रवारची सुट्टी

अमरनाथ सरांनी गाड्यावरचं केळं सोललं आणि नजीरनं झडप घालून त्यांचा हात धरला.

“सर, मरायचं हाय का? ठेवा ते खाली!”

डायलिसिसच्या पेशंटला केळं म्हणजे विष, हे लातुरात नजीरइतकं कोणाला ठाऊक असणार? अर्धापूरची केळी विकून त्याचं घर चालायचं आणि त्याच्याच बायकोला, बानोला, तीन वर्षं केळ्याचा तुकडा चालत नव्हता. अमरनाथ सर क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे. डायलिसिस सेंटरमध्ये त्यांचं मशीन बानोच्या शेजारी होतं. मग ते एकाएकी यायचे बंद झाले. नवरा-बायकोनं काय समजायचं ते समजून घेतलं होतं आणि एकमेकांशी त्यावर बोलायचं टाळलं होतं. आणि आज ते धडधाकट गाड्यासमोर उभे होते.

सर हसले. त्यांनी ते केळं खाल्लं आणि दुसरं उचललं.

“आईनं किडनी दिली, नजीरभाई. हैद्राबादला ऑपरेशन झालं. आता चालतं मला.”

नजीर बघतच राहिला. किडनी बदलतात हे त्यानं ऐकलं होतं, पण ती मुंबईच्या शेठ लोकांची, विकतची भानगड, असंच तो धरून चालला होता.

“घरच्या माणसाची चालती?”

“घरच्याचीच चांगली. सेंटरला शुक्रवारी हैद्राबादचे डॉक्टर येतात ना, ते नातेवाइकांना बसवून सगळं समजावून सांगतात. तुम्हाला कधी बसवलं नाही?”

नव्हतं बसवलं. शुक्रवारी नजीर तिकडं फिरकतच नव्हता, आणि या गोष्टीचं त्याला फार कौतुक होतं. सेंटरमध्ये पाळ्या लावायचं काम नागप्पाकडं होतं, आणि नागप्पा म्हणजे घरचाच. किल्लारीच्या भूकंपात त्याचं सगळं घर गाडलं गेलं. भाकरी वाटायला गेलेल्या नजीरला तो एका पत्र्यावर बसलेला सापडला. नजीर त्याला घरी घेऊन आला आणि तो वर्षभर राहिला. लिंगायताचं लेकरू म्हणून बानोनं तेवढे दिवस घरात मटण शिजू दिलं नाही. ईदसुद्धा शेवयांवर भागवली.

बानो आजारी पडली तेव्हा नागप्पाच म्हणाला होता, “भाभी, शुक्रवार तुमचा नमाजाचा. त्या दिवशी तुमची पाळी ठेवत न्हाई.” मोहल्ल्यातल्या बाकीच्या पेशंटांच्या पाळ्याही त्यानं तशाच लावल्या. नजीर मशिदीत ज्याला त्याला सांगायचा, माणूस असावा तर असा.

गाडा तसाच टाकून नजीर सेंटरला गेला. नागप्पा नळ्या धूत होता.

“घरच्याची किडनी चालती म्हणं. मला का बोलला न्हाईस?”

नागप्पा गोंधळला. “मला वाटलं, तुमच्या धर्मात असलं बसत न्हाई. उगं विचारून भाभीचं मन कशाला दुखवायचं? म्हणून शुक्रवारी तुम्हाला मोकळं ठेवलं.”

तो खोटं बोलत नव्हता. त्यानं खरंच भलं चिंतून हे केलं होतं, आणि म्हणूनच नजीरला जास्त लागलं. दुष्मनाला शिव्या तरी घालता येतात. याला काय म्हणायचं?

“विचारून तर बघायचंस, नागप्पा. न्हाई म्हणायचं असतं तर आम्ही म्हणलो असतो.”

“चुकलं, नजीरभाई. ह्या शुक्रवारी या. मी सोता डॉक्टरांसमोर बसवतो.”

मशिदीतल्या मौलाना साहेबांनी ‘जीव वाचत असेल तर त्यात विचारायचं काय’ म्हणत नजीरलाच झापलं. उमरीहून बानोची धाकटी बहीण सुमय्या निरोप मिळताच एसटीनं आली. स्टँडवरून तिला घरी आणताना समजावायचे शब्द नजीर वाटभर जुळवत होता, ते वायाच गेले.

“दोन हायेत ना मला? मग एक आपाची,” ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली. बानो त्या दिवशी खूप दिवसांनी पोटभर हसली. बरी झाल्यावर आधी काय खाणार, याची दोघी बहिणींची यादी जेवण होईस्तोवर संपली नाही.

शुक्रवारी चौघं डॉक्टरांसमोर होते. बानो आणि सुमय्या खुर्च्यांवर, नजीर त्यांच्या मागं, नागप्पा दाराशी. बहिणींचा रक्तगट जुळत होता. डॉक्टर खूश झाले. मग त्यांनी बानोच्या हृदयाचा रिपोर्ट पाहिला आणि चष्मा काढला.

“हृदय फार थकलंय यांचं. एवढं मोठं ऑपरेशन आता झेपणार नाही. टेबलावरच काही बरंवाईट होईल.”

“माझी किडनी चांगली हाय की, साहेब,” सुमय्या म्हणाली.

“तुमची चांगली आहे, बाई. पण यांना उशीर झाला. पहिल्या वर्षी आणलं असतं तर मी डोळे झाकून केलं असतं.” डॉक्टरांचा आवाज चढला. “तीन वर्षं काय करत होता तुम्ही?”

नजीरच्या जिभेवर नाव आलं होतं. ते त्यानं गिळलं. बानो जाणार हे आता ठरलं होतं. निदान नागप्पाची नोकरी तरी आपल्या तोंडून जाऊ नये, असं त्याला वाटलं. बोलायचं तर तो आपणहून बोलेल. बोलेलच.

बानोनं पदर सावरला. “आम्हाला ठावं नव्हतं, साहेब.”

“ठाऊक नव्हतं?” डॉक्टर दाराकडं वळले. “नागप्पा, यांना कोणी सांगितलंच नाही का?”

नागप्पानं नजीरकडं पाहिलं नाही.

“मी दर महिन्याला सांगतो, साहेब,” तो म्हणाला. “हे लोकच तयार होत नाहीत.”