सतरा नंबर

एकोणचाळीस पडदे परीक्षेसाठी निळे झाले आणि सतरा नंबरने भलत्याच कुणाचं तरी ऐकलं.

लॅबवाल्या बाईंनी कपाळावर हात मारला. परीक्षा दहाला, आणि नऊ तर वाजत आलेले. शाळेतल्या या मशिनांना स्वतःची डिस्कच नव्हती. बटण दाबलं की प्रत्येक मशीन नेटवर्कवर हाक मारायचं: मी कोण? माझा पत्ता काय? सुरू काय करू? बंद कधी होऊ? सर्व्हर यादीत बघून उत्तर द्यायचा आणि कोरं मशीन क्षणात शहाणं व्हायचं. बाईंना रोज बघूनही याचं नवल वाटे. नोकरीत येऊन जेमतेम पंधरवडा झालेला. काल त्यांनी नवा सर्व्हर बसवला होता आणि चाळीसच्या चाळीस पत्ते डोळ्यांत तेल घालून भरले होते.

"चाळीस मुली, चाळीस मशिनं," मोठ्या बाई दारातून म्हणाल्या. "एकीला काय सांगू मी? पुढच्या वर्षी ये?"

"होईल हो सुरू," बाई म्हणाल्या. कसं, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

सतरा नंबर पहिल्यापासूनच वांड. बाई याच शाळेत शिकलेल्या, याच खोलीत. तेव्हा पाचच्या ठोक्याला सगळी मशिनं आपोआप बंद व्हायची, सतरा तेवढं चालू राहायचं. घरी कॉम्प्युटर नव्हता. शाळकरी वयातली ती सतरासमोर चिडीचूप बसून राही आणि हाताला लागेल ते उघडून बघे. सहाच्या सुमाराला तेव्हाचे लॅबवाले अण्णा किल्ल्या वाजवत येत. माणूस शिस्तीचा, तोंडाने फटकळ. "हे सतरा बिघडलंय वाटतं," ते पुटपुटत. "बघू उद्या." तो उद्या तीन वर्षं उजाडला नाही. अण्णा कामात ढिले आहेत, असं तिने ठरवून टाकलं होतं आणि त्या ढिलाईवरच ती शिकली होती. अण्णांना जाऊन आता चार वर्षं झाली.

बाईंनी नवा सर्व्हर बंद करून पाहिला. सतराने हाक मारली. उत्तर आलं.

उत्तर द्यायला खोलीत कुणी नव्हतंच.

मग त्यांनी वायरी मोजल्या. एक जास्त निघाली. शिडी लावून बाई तिच्या मागोमाग गेल्या, कपाटामागून वर, थेट छताखालच्या माळ्यावर. तिथे फाटक्या नकाशांच्या मागे डब्याएवढी एक पेटी होती, जुना छोटा सर्व्हर. वर बोटभर धूळ, आत हिरवा दिवा. बाईंनी हात लावला तर गरम. इतकी वर्षं कुणी बघितलं नाही, कुणी विचारलं नाही, आणि ही आपली रोज हाकेला ओ देत बसलेली! बाई शिडीवरच थक्क होऊन उभ्या राहिल्या. खालून मोठ्या बाईंनी साडेनऊ झाल्याचं ओरडून सांगितलं, तेव्हा कुठे त्यांनी वायर उपटली.

नवा सर्व्हर सुरू झाला. सतराने हाक मारली, या वेळी त्यानेच उत्तर दिलं, आणि चाळिसावा पडदा निळा झाला. दहाला चाळीस मुली बसल्या. मोठ्या बाई हसल्यासुद्धा.

दुपारी खोली रिकामी झाल्यावर बाईंनी ती पेटी खाली आणली. फुंकर मारली तर नाकातोंडात धूळ. पडदा जोडला. कुणाचं तरी विसरलेलं जुनं लचांड असणार, यादी बघू आणि भंगारात देऊ, असा त्यांचा विचार.

यादी उघडली. चाळीस ओळी असतील असं वाटलं होतं, होती एकच. सतराची. तारीख बाई आठवीत होत्या त्या वर्षाची. आणि त्या ओळीच्या डोक्यावर एक टीप, मशीन जी वगळून पुढे जातं, फक्त माणूस वाचतो, तशी. खाली अण्णांचं नाव.

"हा बिघाड नाही. सतरा पाचला बंद करू नये. मुलगी अजून बसलेली असते."