लख्ख नाणी

सासऱ्यांनी चाळीस वर्षं खपून एकेक करत रोमन नाणी जमवली होती. संग्रहालयाने ती त्यांच्या नावाच्या कपाटात मांडायचं ठरवलं, आणि नेमकं त्याच आठवड्यात त्यांना दवाखान्यात भरती करावं लागलं. नाण्यांवर चढलेली हिरवी-काळी पुटं पाहून सुनेला वाटलं, चार जाणत्या लोकांपुढे ही अशी कळकट कशी ठेवायची? दोन दुपारी बसून तिने दीडशेच्या दीडशे नाणी व्हिनेगर आणि जुन्या टूथब्रशने लख्ख घासून काढली.

घरी येताच सासऱ्यांनी पेटी उघडली. एक नाणं उचलून ते त्यावरून अंगठा फिरवत राहिले.

"आवडलं ना, बाबा?"

"हो गं. नवी कोरी दिसतायत," ते म्हणाले, आणि पेटी मिटून भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी संग्रहालयाच्या बाई आल्या. पहिलंच नाणं भिंगाखाली धरून त्या मटकन खुर्चीत बसल्या.

"दोन हजार वर्षांचा थर होता यांच्यावर. तोच तर जपायचा असतो. आता ही आम्हाला नाही मांडता येणार." त्यांचा आवाज चढला. "कुणी केलं हे?"

चहा घेऊन आलेली सून दारातच थिजली.

सासऱ्यांनी तिच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.



"मीच," ते म्हणाले. "म्हातारचळ, दुसरं काय."