चौथी नळी

"ठणका कधीपासून आहे, बाबा?"

"कसला ठणका? आत्ता येताना तुझ्या दाराचा खिळा उपटला या दाढेने!" आ वासलेल्या तोंडानेच म्हाताऱ्याने थाप ठोकली.

डॉक्टर लेकीने आरशाच्या दांडीने दाढेच्या कॅपवर हलकेच टकटक केलं. म्हातारा असा उडाला, की छताला डोकं लागायचंच राहिलं. हिरडीवर पुळी होती. दाबल्यावर पू आला. एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळा डाग. मुळांतल्या चार नळ्यांपैकी तीन भरलेल्या, चौथी तशीच.

"रूट कॅनल फसलंय. आणि हे आजचं नाही."

"हळू बोल. आई बाहेर बसलीये."

आईनेच ती दाढ भरली होती, याच खुर्चीत, दवाखाना ती चालवायची तेव्हा. तिच्या हाताला कंप सुटला होता. पेशंट काहीतरी सबब सांगून उठून जायचे. तेव्हा हा मुद्दाम तिच्यापुढे तोंड उघडून बसला, आणि मग भेटेल त्याला सांगत सुटला, बायकोच्या हाताला काय गुण आहे, मी दगड चावतो!

"परत उघडून साफ करते. दाढ वाचेल."

"नको. उपटूनच टाक. अक्रोड फोडताना मोडली म्हणून सांगू."

"चांगली दाढ उपटू? काहीतरीच काय!"

"उपटायची नाही." आई दारात उभी होती. ती एक्स-रेपाशी गेली, चष्मा वर करून बघत राहिली. "चौथी माझ्याकडून राहिली. बधिर कर आणि कॅप काढ."

म्हातारा काही बोलणार, तोवर इंजेक्शन गेलं. मग तोंडावर रबराचा पडदा ताणला गेला. कॅप निघाली. आत साचलेली घाण वर आली, वास सुटला.

आई त्याच्या उशाशी बसली.

"मी रोज विचारायचे, दुखतंय का. तुम्ही हसायचात. मला वाटलं, हात अजून चालतोय. पुढे वर्षभर लोकांच्या दाढा भरत राहिले, अहो. तुमच्या शब्दावर."

म्हाताऱ्याच्या घशातून नुसता घरघर आवाज आला.

"त्या सगळ्यांना बोलवायला हवं," ती लेकीला म्हणाली आणि स्वतःच टेबलावरचा फोन घेतला. बोट आकड्यावर टिकेना. नंबर एकदा चुकला, पुन्हा चुकला.

म्हाताऱ्याने पडल्या पडल्या तिच्यासाठी फोन धरायला हात पुढे केला.

तिने फोन बाजूला घेतला आणि पुन्हा पहिल्या आकड्यापासून सुरुवात केली.